सातव्या विहिरीचा आकडा

“उतर! उतर म्हणतो ना बे! परतीला माणूस बसवत न्हाई मी. उतर खाली!”

रज्जाकभाई इतक्या जोरात ओरडला की दूध शीतकरण केंद्राच्या पत्र्यावरचे कावळे उठले, आणि त्या मे महिन्यात बीडचे कावळे उठणं ही साधी गोष्ट नव्हती. उन्हापायी त्यांनी उडणंच सोडलं होतं. ते चालत फिरायचे, रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघायचे. माझा एक पाय टेम्पोच्या फळीवर, एक जमिनीवर, काखेत रसायनशास्त्राचं जर्नल. गेले वीस दिवस रोज पहाटे हाच माणूस मला गावाकडून बीडला आणत होता. ह्याच टेम्पोत, दुधाच्या कॅनवर बसवून, खाली स्वतःचा रुमाल अंथरून. पहाटे तो मला कौतुकानं ‘सायंटिस’ म्हणायचा. आणि आज दुपारी, दूध उतरवून झाल्यावर, त्याच टेम्पोनं त्याच गावाला परत जायचं तर ओळख दाखवायला तयार नव्हता.

मी तसाच एका पायावर थांबलो. खरं सांगायचं तर त्या गोष्टीत मी अजून तसाच उभा आहे.

परवा पुण्याहून मुलीचा फोन आला. एप्रिल संपत आला होता, कडुलिंबाचा मोहोर गळून अंगणात पिवळट भुगा पडला होता आणि मी तो झाडायचा की राहू द्यायचा ह्या विचारात खराटा धरून बसलो होतो. ती म्हणाली, “पप्पा, उन्हाळ्यातल्या संशोधनाला माझी निवड झाली. पण फिजिक्सचा सक्तीचा कोर्स नेमका त्याच महिन्यात लावलाय. तो केला नाही तर पुढच्या वर्षाला बसू देणार नाहीत. तुम्ही नेहमी सांगता ना, तुम्ही दोन्ही एकदम केलं होतं. कसं जमवलं?”

आता आली का पंचाईत. ही गोष्ट मी इतकी वर्षं सांगतोय की दर वर्षी तिच्यातल्या विहिरी वाढतात. मागच्या दिवाळीला त्या चाळीस झाल्या होत्या आणि एकीत मगर निघाली होती. खऱ्या विहिरी सात. मगर नव्हती, मांजरं होती. पण सांगितलेलं एवढं पाठ झालंय की घडलेलं हुडकायला खाली उतरावं लागतं, आणि तिथं अंधुक आहे.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. आमच्या वडवणीकडं असं म्हटलं की ऐकणारा विचारतो, “कुठला?” तर तो, ज्यात बीडच्या स्टँडवरच्या घड्याळाचे काटे उन्हानं मऊ होऊन खाली लोंबले होते आणि महिनाभर साडेसहाच वाजत होते. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली होती, कुलपं उघडली होती, आणि गावात माणसं वाढली तसं पाणी आणखी कमी पडलं होतं. विहिरीतलं जे उरलं होतं ते इतकं जड की अंगाला साबण लावला तर फेस यायचा नाही, साबणच मळायचा. डाळ चुलीवर सकाळपासून दुपारपर्यंत नुसती नाचायची, शिजायची नाही.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मागच्या वर्षी रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात नापास झालो होतो. कारण सांगत नाही. एवढंच सांगतो की नंतर प्रयोगशाळेच्या खिडक्या दोन दिवस उघड्या ठेवाव्या लागल्या. म्हणून मे महिन्यात पुन्हा तोच कोर्स, रोज सकाळी आठ ते एक, बीडला. साळवे सर शिकवायचे. बारीक, उंच, पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन. पहिल्याच दिवशी म्हणाले, “एक दिवस चुकला की तिसरं वर्ष विसर. मी रागावणार नाही. नुसता लाल पेननं तुझ्या नावापुढं फुली मारीन.”

आणि त्याच महिन्यात विद्यापीठातून भूजलाच्या मॅडम आल्या. दुष्काळात पाणी किती आणि कसं उतरतं ह्याचं संशोधन. त्यांना गावोगावची कॉलेजातली पोरं पाहिजे होती. प्रत्येकानं आपल्या गावातल्या सात विहिरी रोज मोजायच्या. टेपला वजन बांधून खाली सोडायचं, कठड्यापासून पाण्यापर्यंतचा आकडा वहीत लिहायचा. महिनाभर वही नीट ठेवली तर मॅडम विद्यापीठात पुढं शिकायला शिफारसपत्र देणार होत्या. आमच्या गावातून आजवर विद्यापीठात फक्त एक चिंचेचं पोतं गेलं होतं, तेही चुकून. मला जायचं होतं. लई जायचं होतं.

“मोजायचं सूर्यास्ताला,” मॅडमनी बजावलं होतं. “सगळ्या गावांत एकाच वेळेला, तरच तुलना करता येते. आणि एक आकडा जरी खोटा निघाला तर अख्खी वही रद्द.”

सकाळी आठला बीड आणि सूर्यास्ताला गाव. मधे एसटी. एसटीचं म्हणाल तर ती त्या वर्षी यायची नाही, अवतार घ्यायची. पण जाताना टेम्पो होता. आमच्या दूध सोसायटीचा. पहाटे गावातलं दूध डेअरीवर जमायचं, वीस कॅन भरायचे आणि रज्जाकभाई ते बीडच्या केंद्रावर नेऊन घालायचा. सोसायटीचे चेरमन नाना, नात्यानं माझे चुलत चुलते, त्यांनी मला कॅनवर बसायची परवानगी दिली. अट एक. वळणावर झाकणं धरायची.

अजून पहाटे जाग आली की ते झाकणांचं किणकिणणं कानात येतं. खाली दूध हिंदकळतंय, मांडीला त्याची ऊब लागतेय, पूर्वेला तांबूस धूळ. प्रयोगशाळेत शिरलो की अमोनिया नाकात जायचा आणि विजारीला दुधाचा आंबूस वास. दिवसभर मी ह्या दोन वासांच्या मधे कुठंतरी असायचो. परतीची एसटी मला फाट्यावर टाकायची, तिथून चालत गाव, आणि सूर्य टेकायच्या आत सात विहिरी. ह्या विहिरीवरून त्या विहिरीवर पळताना मला बघून एकदा एक म्हैसही पळत सुटली. तिला वाटलं असणार, काहीतरी मिळतंय.

त्यात डोक्याचा गोंधळ वेगळाच. विहिरीत आकडा वाढला की पाणी कमी झालेलं असायचं, कारण आपण वरून मोजतो. नाना वही बघून म्हणाले, “पोरा, आकडा रोज वाढतोय की. मंग रडतोस कावून?” तिकडं प्रयोगशाळेत ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, द्रावण जितकं जास्त सांडावं लागेल तितकं पाणी वाईट. महिनाभर मी उलट्या आकड्यांत राहिलो. वाढलं की वाईट, घटलं की चांगलं. आईनं “दोन भाकरी वाढू का तीन?” विचारलं तरी मी क्षणभर घाबरायचो.

सातवी विहीर डेअरीच्या आवारातली. पहिले दहा दिवस तीही इतरांसारखी उतरली. मग थांबली. मग एका संध्याकाळी मी टेप सोडला आणि आकडा घटलेला. पाणी चार बोटं वर. मी टेप बघितला, वजन बघितलं, सूर्य बघितला. दोन दिवसांनी आणखी दोन बोटं. सहा विहिरींचा तळ दिसायला लागला होता आणि सातवीला दुष्काळ असल्याचं कुणी कळवलंच नव्हतं.

आणि तिच्या कठड्यावर मांजरं बसायला लागली. आधी दोन, मग पाच. सात गावची मांजरं होती असं मी एरवी सांगतो. खरी अकरा. विहिरीत वाकून बघायची आणि मिशा चाटायची. मी वहीत शेऱ्याच्या जागी लिहिलं, ‘मांजरे अकरा’. संशोधकानं दिसेल ते लिहावं.

घरी डाळ शिजायला लागली. मऊ, घोटायला रवीसुद्धा नको. मी आईला विचारलं, “आज डाळ कशी काय शिजली?” ती म्हणाली, “शिजली तर शिजली. जेव गुमान.”

त्या आठवड्यात साळवे सरांनी पाण्याचा कठीणपणा, म्हणजे पाणी किती जड ते, मोजायचा प्रयोग लावला. ज्यानं त्यानं आपल्या गावचं पाणी आणायचं. पाण्यात रंग टाकायचा, वर ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडायचं, आणि लाल पाणी निळं झालं की थांबायचं. पुस्तकात होतं, वाइनसारखा लाल. आमच्यात वाइन कुणी बघितलेली नव्हती. ज्यांनी जी दारू बघितली होती ती पांढरी होती. सरांना विचारलं तर म्हणाले, “डाळिंब बघितलंय का? तेवढ्यावर भागव.” पण ते निळं होणं काय होतं म्हणून सांगू! एका थेंबानं लाल, दुसऱ्या थेंबानंही लालच, आणि तिसऱ्यानं अख्ख्या चंबूत संध्याकाळ झाल्यासारखं. मी रसायनशास्त्रावर चिडलेला माणूस, मला संशोधनातून ओढून इथं बांधलं म्हणून. पण त्या रंगासाठी माझं मन तिथं थोडं अडकलं, हे कबूल करतो.

पोरांच्या गावच्या पाण्यानं ब्युरेटच्या ब्युरेट गिळल्या. माझं, पहाटे निघताना डेअरीच्या विहिरीतून भरून आणलेलं, आठ मिलिलिटरलाच निळं झालं. सरांनी माझ्याकडं बघितलं. मग कॉलेजच्या नळाचं पाणी घेऊन स्वतः करून बघितलं. आठ.

“इथल्याच नळावर बाटली भरलीस.”

“न्हाई सर. आईची शप्पथ.”

“आईला मधे आणू नको, तिला मार्क द्यायचे नाहीत मला.” त्यांनी दुसरी बाटली दिली, बुचावर कागद चिकटवून त्यावर सही केली. “सही फाडून पाणी भर, वरून हा दुसरा कागद डेअरीच्या सेक्रेटरीकडून चिकटवून आण.”

आणलं. पुन्हा आठ. सरांनी तो निळा चंबू उजेडाला धरून बघितला. मग म्हणाले, “मग काय रे, तुझ्या विहिरीत माझा नळ उघडतो का?”

अक्षरशः उत्तर होतं ते. साळवे सरांनी हातात आणून दिलं होतं. पण मी विज्ञान शिकत होतो ना, मला एवढं सोपं कसं सुचेल! मी एसटीत बसून सिद्धांत मांडला. बीडपासून आमच्या डेअरीपर्यंत काळ्या खडकाच्या पोटातून एक भेग गेलीय आणि तिच्यातून पाणी वाहतंय. तिकडचं पाणी आणि इकडचं पाणी एकच, मी सिद्धच केलं होतं! फाट्यापर्यंत ती भेग ओढा झाली होती आणि घरी पोचेपर्यंत नदी.

डेअरीवर पाणी शेंदणाऱ्या बायकांना विचारलं, “काकू, विहिरीत काही वेगळं जाणवतं का?” त्या एकमेकींकडं बघून पदरात हसल्या. एक म्हणाली, “दुपारच्याला धबधब वाजतंय की आतनं. लई जोरात.” दुसरी म्हणाली, “पर तुला कसं ऐकू यायचं, तू बीडला.”

रविवारी वडवणीला मॅडम वह्या तपासायच्या. मी त्यांना सगळं सांगितलं. भेग, नदी, दुपारचा धबधबा. थोडं मीठमसाला लावून सांगितलं. कठड्याला कान लावला तर मासे उड्या मारल्यासारखं ऐकू येतं, हे मला नसतं सांगितलं तरी चाललं असतं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “आठ आणि आठ? स्वतः केलंत?”

“दोनदा, मॅडम. बूच सील करून.”

“गुरुवारी येते मी. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत विहिरीवर बसते. तुम्ही पाहिजेत तिथं.”

गुरुवारी माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरून परीक्षक येणार होते.

ह्याच जागी मुलगी फोनवर म्हणाली, “म्हणजे माझ्यासारखंच.” मी म्हटलं, “तुझ्यासारखं कसं असेल? तुझ्याकडं नदी आहे का?”

तर बुधवारी सरांनी फक्त जर्नलवर सह्या केल्या आणि अकराला सोडलं. एसटीची वाट बघण्यापेक्षा टेम्पोनं जाऊ म्हणून मी केंद्रावर गेलो, आणि रज्जाकभाई तो तसा ओरडला. मी एक पाय वर, एक खाली. धक्का लागून एक कॅन हलला. रिकामा कॅन ठण्ण म्हणतो, वीस दिवस पहाटे डेअरीवर ऐकलंय. हा म्हणाला, डबक.

मी झाकण उघडलं. पाणी. काठोकाठ, वर दुधाचा पातळ तवंग. मागं नळाला लावलेल्या रबरी नळीची धार विसाव्या कॅनमधे अजून पडत होती.

दूध ओतल्यावर केंद्राच्या नळावर कॅन विसळायचे असा नियम होता. त्या विसळण्याला रज्जाकभाईनं गेले दहा दिवस कॅन गच्च भरेपर्यंत ताणलं होतं. त्यानं नळ बंद केला. मग रुमालानं मान पुसत म्हणाला, “बस आता. झाकणं धर.”

“रज्जाकभाई, हे गावात कुणाकुणाला ठावं हाय?”

“समद्यांला. तुझ्या अम्मीला बी.”

“मंग मला कावून सांगितलं न्हाई?”

“तू लिवतोस ना बे.”

डेअरीवर त्यानं एकेक कॅन कठड्यावर टेकवून विहिरीत ओतला. धबधब, धबधब. माझी नदी. मांजरं आधीच रांगेत बसलेली. नाना बाजूला उभे होते, चोरी सापडल्यासारखे नाही, माणूस स्वतःच्या लग्नात उभा राहतो तसे.

मी म्हटलं, “नाना, कॅननं वाटायचं तर वाटा. विहिरीत कावून ओतता?”

“वाटायला बसलो की कुणाला तरी न्हाई म्हणावं लागतंय,” नाना म्हणाले. “कोण मेंबर, कोण न्हाई, कोण कुठल्या आळीचा, समदं निघतंय. विहिरीत टाकलं की ज्याचा दोर त्याचं पाणी. आता तू सांग. उद्या तुज्या मॅडम यायच्या. टेम्पो रिकामा आणू का भरून?”

रिकामा आणला तर दुपारी विहीर गप्प राहणार, मी खोटारडा, वही रद्द. शिवाय म्हशी दिवसभर तहानलेल्या. भरून आणला तर दहा दिवसांची माझी नदी मॅडमच्या डोळ्यांपुढं कॅनमधून सांडणार, वही तशीही रद्द, आणि वर त्यांनी केंद्राला कळवलं तर नळच बंद. मी त्या वहीतले आकडे मनात पुन्हा वाचले. एकही खोटा नव्हता. आणि सगळेच खोटे होते. आयुष्यात मी एवढ्या गोष्टी फेकल्या, पण त्या दुपारी खरं तर सोडाच, खोटंसुद्धा सुचेना. गुरुवारी पहाटे वाटेत रज्जाकभाईनं पुन्हा विचारलं, “काय करू, सायंटिस?” मी म्हटलं, “माझी परीक्षा हाय.” त्यानं गिअर टाकला. त्या दिवशी झाकणंही किणकिणली नाहीत, असं मला वाटतं. कदाचित मीच घट्ट धरली असतील.

परीक्षेत चिठ्ठी उचलली तर पाण्याचा कठीणपणा. मी हसलो, परीक्षकांनी डोळे वटारले. हात मात्र स्थिर राहिला. शेवटचा थेंब अर्धा सोडला, काडीनं चंबूत उतरवला, आणि डाळिंबाची संध्याकाळ झाली. साळवे सर जाता जाता थांबले, हळूच म्हणाले, “आज कुणाच्या नळाचं?” आणि लाल पेन खिशातच ठेवून पुढं गेले. आकडा बरोबर होता. पास झालो. पण तो निळा चंबू धुताना मला एवढंच दिसत होतं की आता दीड वाजला, तिकडं टेम्पो विहिरीवर लागला असणार.

मुलीला मी इथपर्यंत सांगितलं. ती म्हणाली, “पण पप्पा, मी आधी काय करू? कोर्स की संशोधन?”

“दोन्ही.”

“दोन्ही एकाच वेळेला आहे.”

“मग एखादा टेम्पो बघ,” मी म्हटलं. तिकडून तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत राहिला. मलाही बरं वाटलं नाही. मला कुठं ठाऊक आहे, मी कसं जमवलं! जमवलं ते रज्जाकभाईनं. आणि पुढचं मी तिला सांगितलं नाही, कारण ते सांगताना माझा आवाज नेहमीसारखा चढत नाही.

त्या दिवशी फाट्यावरून पळत निघालो. डेअरीच्या आवारात शिरलो तेव्हा सूर्य टेकत होता. टेम्पो सावलीला उभा, वीस कॅन पालथे घालून वाळत टाकलेले. म्हणजे भरून आला होता. बायका पाणी शेंदत होत्या, माझ्याकडं एकीनंही बघितलं नाही. नाना हातात गार झालेला चहा धरून उभे. आणि मॅडम कठड्यावर बसलेल्या, साडीच्या निऱ्यांवर धूळ, मांडीवर एक मांजर.

“वेळेवर आलात,” त्या म्हणाल्या आणि टेप माझ्या हातात दिला.

मी वजन सोडलं. पाणी आदल्या दिवसापेक्षा दोन बोटं वर. आकडा वाचला, तो त्यांनी स्वतः वाकून ताडून बघितला, मग मी लिहिला. वहीत पाणी कुठून येतं ह्याचा एक रकाना होता. सहा विहिरींपुढं मी ‘पाझर’ लिहिलं होतं. सातवीपुढं पेन्सिलनं, झोकदार अक्षरात, ‘बीडकडून येणारा भूगर्भातील प्रवाह’. मॅडमनी पर्समधून खोडरबर काढलं. सावकाश खोडलं, चुरा फुंकला. मग पेननं तिथं एकच शब्द लिहिला, ‘अज्ञात’, आणि पानाखाली सही केली. ते शिफारसपत्र पुढं मला मिळालं, मी विद्यापीठात गेलो, आणि कशाकशाच्या जोरावर शिकलो त्याची यादी वेगळी.

पण त्या संध्याकाळी मला काहीच कळेना. वही छातीशी धरून मी जीपपर्यंत त्यांच्या मागं गेलो.

“मॅडम, तुम्ही दुपारी इथंच होता ना?”

“होते.”

“दीड वाजता?”

“हो.”

“मग टेम्पो...”

त्यांनी जीपचं दार ओढून घेतलं, खिडकीतून मांजराचे केस झटकले.

“आपली नोंद सूर्यास्ताची आहे,” त्या म्हणाल्या. “दुपारची नाही.”